शेवटचे पाच मीटर: विमानाजवळ गाडी नेणाऱ्या नव्या ड्रायव्हरसाठी, पायरी-पायरीने

नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला आणि उलवे, पनवेल, उरण, कामोठे भागातल्या बऱ्याच ड्रायव्हरांना एअरसाइडचं, म्हणजे विमानं उभी असतात त्या बाजूचं, काम मिळालं. कुणी उरणच्या बंदरात ट्रेलर चालवायचा, कुणी कंपनीची बस, कुणी वाशीच्या मार्केटातला टेम्पो. गाडीवर हात बसलेली माणसं आहेत. मी स्वतः सहारला, मुंबई विमानतळावर, बारा वर्षं टग (ओढगाडी) आणि बेल्ट लोडर (पट्ट्यावरून बॅगा चढवणारी गाडी) चालवला, आता नव्या लोकांना शिकवतो. ही मंडळी माझ्यासमोर येतात तेव्हा क्लच-गिअर शिकवण्यात एक मिनिटही जात नाही. सगळा वेळ जातो तो कुठे थांबायचं आणि किती वेळा थांबायचं हे अंगात भिनवण्यात.

रस्त्यावर गाडी घासली तर पत्रा ठोकून घेता येतो. विमानाचा पत्रा आतल्या हवेचा दाब धरून ठेवतो, तिथे 'थोडंसं लागलं' असं काही नसतं. आणि उभ्या विमानांना होणाऱ्या इजांपैकी बहुतेक इजा आपल्याच गाड्यांनी होतात: बेल्ट लोडर, कार्गो लोडर, स्टेप (प्रवाशांच्या जिन्याची गाडी), टग. त्याच त्या चुका दर बॅचला दिसतात, म्हणून कामाच्या क्रमाने सगळं लिहून काढलं आहे. तुमच्या कंपनीची पुस्तिका किंवा विमानतळाचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा.

## १. घरून निघण्याआधी: झोप आणि कागद

आरटीओचं लायसन्स हा फक्त पाया. त्यावर विमानतळाचा प्रवेश पास, एअरसाइड ड्रायव्हिंग परमिट आणि गाडीचं स्वतःचं परमिट, तिन्ही चालू तारखेची हवीत. परमिट कुठल्या भागासाठी आहे ते नीट वाचा. एप्रनपुरतं (विमानं उभी राहतात त्या भागापुरतं) परमिट असलेल्या माणसाने टॅक्सीवेवर (विमानं चालतात त्या वाटेवर) जायचं नाही, सुपरवायझरने घाईत सांगितलं तरी नाही. ड्यूटीवर श्वासाची चाचणी कधीही होऊ शकते. आदल्या रात्री हळद असेल तर दुसऱ्या दिवसाची सकाळची पाळी आधीच बदलून घ्या.

कागदांपेक्षा जास्त बोलायचं आहे ते झोपेबद्दल. २२ डिसेंबर २०१५ ला पहाटे कोलकात्यात प्रवाशांना नेणारी रिकामी बस उभ्या एटीआर विमानावर जाऊन धडकली. ड्रायव्हरला डुलकी लागली होती, असं तेव्हा पुढे आलं. १८ एप्रिल २०२५ ला बेंगळुरूत एक टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या ए३२० च्या नाकाखाली घुसला आणि टेम्पोचं छत चेपलं. ती वेळ दुपारची होती. उभं विमान हलत नाही, आवाज करत नाही, म्हणून पेंगुळलेल्या डोळ्याला ते दिसूनही दिसत नाही.

आपल्याकडे अडचण अशी की रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा घरचं दुकान बघतो, शेतावर जातो, मुलांना शाळेत सोडतो आणि तीन तास झोपून परत ड्यूटीवर येतो. पहाटे तीन ते पाच ही वेळ अंगावर येते. त्या वेळी पापणी जड झाली तर गाडी इक्विपमेंट पार्किंगमध्ये लावा, चावी काढा आणि शिफ्ट इनचार्जला स्पष्ट सांगा: 'मला झोप येतेय, गाडी दुसऱ्याला द्या.' हे बोलायला जीभ जड होते हे मला माहीत आहे. तरी बोला.

तपासा: गेल्या चोवीस तासांत किती तास सलग झोपलो? आकडा पाचच्या खाली असेल तर गाडी घेण्याआधीच सांगा, धक्का लागल्यावर नको.

## २. गाडी ताब्यात घेताना

आधीच्या पाळीच्या माणसाने चावी हातात दिली की लगेच बसायचं नाही. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारा. बघायचं ते असं: टायर, खाली सांडलेलं हायड्रॉलिक तेल, टो-हूकची पिन आणि तिची साखळी, दोन्ही आरसे, रिव्हर्सचा बीपर, डोक्यावरचा पिवळा फिरता दिवा, अग्निशामक आणि गाडीचे स्वतःचे चोक (चाकाला लावायचे अडसर). बेल्ट लोडर आणि स्टेपच्या पुढच्या टोकाला रबरी बंपर असतो, तो हाताने चाचपा. रबर फाटून आतली लोखंडी पट्टी उघडी पडली असेल तर ती गाडी विमानाकडे न्यायची नाही. 'दोन फेऱ्या मारून मग गॅरेजला देतो' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि रबर नसलेल्या त्या दोन इंचांनी काय होतं तेही पाहिलं आहे.

ब्रेकची परीक्षा पार्किंगमध्येच घ्यायची. गाडी दहा फूट पुढे घ्या, पायाचा ब्रेक पूर्ण दाबा. मग हँडब्रेक लावून हलका दाब द्या, गाडी सरकते का बघा. ब्रेक लागतो की नाही हे विमानासमोर कळून उपयोग नाही.

बॅटरीवरच्या गाड्यांबद्दल वेगळं सांगतो, कारण डिझेलच्या सवयीचा माणूस इथेच फसतो. इंजिन धडधडत नाही, सीट थरथरत नाही. गाडी बंद आहे असं समजून माणूस कागद घ्यायला वळतो, बूट पेडलवर टेकतो आणि गाडी सुटते. चावी फिरलेली आहे तोपर्यंत गाडी चालू आहे असंच धरा. सीटवरून उतरायचं असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक, चावी, चोक. हाच क्रम, दरवेळी.

गाडीची उंची ड्रायव्हरला दिसेल अशी डॅशबोर्डवर लिहून चिकटवा. बंद असतानाची एक, हायलिफ्टची (केटरिंगच्या गाडीची) बॉडी किंवा बेल्ट लोडरची बूम (पट्ट्याचा हात) वर असतानाची दुसरी.

सावध: नादुरुस्त गाडीवर लाल टॅग लावल्याशिवाय ती सोडून जाऊ नका. तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीपर्यंत पोचत नाही.

## ३. सर्व्हिस रोडवर आणि टॅक्सीवे ओलांडताना

रंगांचं गणित साधं आहे. जमिनीवरच्या पांढऱ्या रेषा गाड्यांसाठी, पिवळ्या विमानांसाठी. पिवळ्या रेषेवर तुम्ही पाहुणे आहात. बे (विमान उभं करायची जागा) भोवतीची लाल रेषा म्हणजे विमानाच्या घराचा उंबरठा, तिच्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

वाट कुणी कुणाला द्यायची याचा क्रम पाठ हवा. चालणारं विमान आणि टगने ओढलं जाणारं विमान सगळ्यांत आधी. मग दिवा लावून धावणारी फायर ब्रिगेड आणि अँब्युलन्स. मग चालत जाणारे प्रवासी. आपण सगळ्यांत शेवटी. सायन-पनवेल हायवेवर थोडं नाक पुढे घातलं की समोरचा ब्रेक मारतो. विमान तसं करू शकत नाही. त्याला बाजूला वळता येत नाही, पायलटला नाकाखालची जमीन दिसत नाही, आणि त्याने करकचून ब्रेक मारला तर आत उभी असलेली एअर होस्टेस ट्रॉलीवर आपटते. धक्का लागला नाही तरी तुमच्यामुळे माणूस जखमी होतो.

टॅक्सीवे किंवा टॅक्सीलेन ओलांडायची असेल तर:

१. थांब-रेषेवर पूर्ण थांबा. रिकामं दिसलं तरी चाक थांबलंच पाहिजे.
२. काच खाली करा, मोबाइलचा ब्लूटूथ कानात असेल तर काढा. खरं तर तो कानात असायलाच नको.
३. डावीकडे, उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे बघा. फक्त चालणारी विमानं शोधू नका. बे वर उभ्या विमानाच्या पोटाखालचा लाल दिवा लुकलुकत असेल तर ते आता ढकललं जाणार आहे किंवा त्याचं इंजिन सुरू होतंय.
४. मागच्या डॉलीचं (टगला जोडलेल्या सामानाच्या गाड्याचं) शेपूटसुद्धा पलीकडे जाईल एवढी जागा समोर असेल तरच निघा.

चौथा मुद्दा रिकाम्या टगवाल्याला कळतो, चार डॉल्या लावलेला विसरतो. डॉल्यांची माळ वळणावर आत कापते. पुढचा टग जमिनीवर ठेवलेल्या कोनापासून (शंकूपासून) लांबून गेला तरी शेवटची डॉली कोनावर चढते, आणि त्या कोनाच्या आत पंखाचं टोक किंवा इंजिन असतं. वळण रुंद घ्या आणि ठरलेल्या संख्येहून एकही डॉली जास्त लावू नका. 'एकच फेरी वाचेल' म्हणून पाचवी लावणारे मी पुष्कळ पाहिले.

१६ मे २०२४ ला पुण्यात दिल्लीला निघालेलं, १८० च्या आसपास प्रवासी असलेलं विमान टॅक्सी करताना टगला धडकलं. विमानाच्या नाकाला आणि टायरला इजा झाली. सगळे वाचले, पण तो दिवस त्या विमानाचा गेला.

इंजिन चालू असलेल्या विमानाच्या मागून जाताना झोताचं भान ठेवा. रिकामी डॉली त्या झोताने चालू लागते, पत्र्याचं झाकण उडतं. थांबा, विमान पुढे सरकू द्या, मग जा.

ज्यांच्याकडे रेडिओ आणि त्या भागाचं परमिट आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट. टॉवरने 'गो अहेड' म्हटलं म्हणजे 'पुढे जा' असं नव्हे. त्याचा अर्थ 'तुमचा निरोप सांगा'. रनवे ओलांडण्यासाठी रनवेचं नाव घेऊन स्पष्ट परवानगी हवी आणि ती तुम्ही शब्दशः परत म्हणून दाखवायची. १८ नोव्हेंबर २०२२ ला पेरूतल्या लिमामध्ये सरावाला निघालेला फायर ट्रक रनवेवर आला आणि टेकऑफ घेणारं विमान त्याच्यावर आदळलं. फायर ब्रिगेडची माणसं त्यात गेली.

सावध: वाट चुकलात तर जिथे आहात तिथेच, विमानाच्या वाटेत नसाल अशा जागी थांबा आणि फोन करा. पुढच्या गाडीच्या मागे अंदाजाने जाऊ नका. तीही चुकलेली असू शकते.

## ४. विमान येण्याआधी बे तयार करणे

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून उरकलं जातं. विमान यायच्या आधी सगळी साधनं लाल रेषेच्या बाहेर, हँडब्रेक आणि चोक लावून. चाक रेषेबाहेर आहे एवढं पुरेसं नाही. बेल्ट लोडरची बूम चाकाच्या पुढे कितीतरी आलेली असते, स्टेपचा वरचा प्लॅटफॉर्मही तसाच. रेषेवर उभं राहून सरळ वर बघा: तुमच्या गाडीचा कुठलाही भाग रेषेच्या आतल्या हवेत आला आहे का? ए३२० ला धडाच्या दोन्ही बाजूंना जवळपास १६ मीटर पंख असतो. तो पंख तुमच्या चाकाला नाही, तुमच्या टपाला शोधत येतो.

मग बे वर पायी फिरा. प्लॅस्टिकची दोरी, बॅगेचं चाक, नट, बाटलीचं झाकण, जे दिसेल ते उचला.

## ५. विमान थांबलं: आता तुम्हीही थांबा

विमान जागेवर आलं की सगळ्यांचे पाय शिवशिवतात. पंचवीस-तीस मिनिटांत परत उडायचं असतं, वरून इनचार्ज ओरडत असतो. इथे पाच गोष्टी एकामागून एक व्हाव्या लागतात, आणि पाचही स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या:

१. दोन्ही इंजिनं बंद. बंद झाल्यावरही समोरचा पंखा काही वेळ फिरतच असतो. तो मंदावेपर्यंत समोर जायचं नाही.
२. विमानाच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा लाल लुकलुकता दिवा (बीकन) बंद.
३. चाकांना चोक लागले.
४. पंखांच्या टोकांजवळ, इंजिनांपुढे आणि शेपटीजवळ कोन ठेवले.
५. जबाबदार माणसाने 'या' अशी खूण केली.

नवे लोक दुसऱ्या पायरीत चुकतात. पंखांच्या टोकांना लाल आणि हिरवे स्थिर दिवे असतात, ते इंजिन बंद झाल्यावरही चालू राहतात. कुणी ते बघून थांबून राहतो आणि ओरडा खातो. आणि दुसऱ्या खेपेला, आता दिव्यांकडे लक्षच द्यायचं नाही, असं मनात धरून खरा बीकन चालू असताना आत शिरतो. दुसरी चूक जीव घेते. ओळख पक्की करा: बीकन धडावर, मधोमध, लाल, लुकलुकणारा.

एक अपवाद आहे. विमानाचं शेपटीतलं छोटं इंजिन नादुरुस्त असेल तर जमिनीवरची वीज जोडल्यावरच मुख्य इंजिन बंद करतात. ते काम ठरलेला माणूस, ठरलेल्या वाटेने, इंजिनिअरच्या देखरेखीखाली करतो. त्याला आत जाताना बघून बाकीच्यांनी मागोमाग जायचं नाही.

तपासा: पहिली गाडी लागण्याआधी दारांच्या चौकटी, कार्गोची दारं आणि पोटाची बाजू कुणीतरी फिरून पाहिली का? जुना ओरखडा असेल तर तो आत्ताच नोंदवला जातो. नंतर दिसला तर तो तुमचा.

## ६. शेवटचे पाच मीटर

बाकी सगळं चुकलं आणि हे जमलं तरी विमान वाचतं.

पहिला थांबा, लाल रेषेवर. गाडी पूर्ण उभी करा. हा ब्रेक तपासण्यासाठी आहे. पेडल दाबताना ते खोल जातंय का, गाडी एका बाजूला ओढतेय का, हे पायाला कळलं पाहिजे. शंका आली तर तिथूनच परत फिरा.

दुसरा थांबा, विमानापासून पाच मीटरवर. पुन्हा पूर्ण उभी. इथे गाइड (खुणा करून गाडी आत घेणारा माणूस) जागेवर आहे ना, दार उघडलं आहे की बंद, तुमची गाडी त्या दाराच्या अगदी समोर सरळ रेषेत आहे का, हे बघून घ्या. तिरकी असेल तर मागे घ्या आणि पुन्हा या. जवळ जाऊन स्टिअरिंग मारून सरळ करायचा मोह होतो. पुढचा कोपरा त्याच वळणात धडाला लागतो.

मग चालीने. माणूस चालतो त्या वेगाने, ताशी पाच-सहा किलोमीटर, त्याहून कमी चालेल. पाय ब्रेकवर तयार.

तिसरा थांबा, विमानाला न टेकता. रबर आहे म्हणजे टेकवायला परवानगी आहे असं नाही. रबर हा चुकीसाठी आहे. अंतर ठेवा, मग न्यूट्रल, हँडब्रेक, चोक आणि त्यानंतरच बूम किंवा प्लॅटफॉर्म वर.

आता गाइडबद्दल. बंदरात क्लीनर गाडीच्या बॉडीवर थापा मारत 'येऊ दे, येऊ दे' म्हणतो आणि ड्रायव्हर आवाजावर गाडी घेतो. रॅम्पवर, म्हणजे इथे विमानाजवळ, आवाज चालत नाही. शेजारच्या बे वर इंजिन चालू असतं, कानात इअरप्लग असतात, शब्द अर्धा ऐकू येतो. 'थांब' आणि 'लांब' यात फरक उरत नाही. गाइडने ड्रायव्हरला आणि विमानाला, दोघांनाही एकाच वेळी दिसेल अशा जागी उभं राहायचं, गाडी आणि विमान यांच्या मध्ये मात्र कधीच नाही. गाइडने तळवे स्वतःकडे वळवून हात हलवले तर या. दोन तळवे समोरासमोर धरून जवळ आणले तर अंतर एवढंच उरलं. दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले तर थांबा, त्या क्षणी.

आणि गाइड आरशातून किंवा समोरून दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे. तो कुठे गेला हा विचार गाडी थांबल्यावर करा. एकच गाइड, एकच खूण. तीन माणसं तीन बाजूंनी हात हलवत असतील तर कुणाचंच ऐकू नका, थांबा आणि कोण गाइड आहे ते विचारून घ्या.

पंखाखालून, नाकाखालून, धडाखालून वाट काढायची नाही. २ ऑगस्ट २०२२ ला दिल्लीत एक कार उभ्या ए३२० निओच्या नाकाखाली गेली, पुढच्या चाकापासून थोडक्यात वाचली. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मालवाहू ट्रक उभ्या विमानाच्या पंखाला भिडला. ड्रायव्हरची नजर जमिनीवर असते, कारण आयुष्यभर रस्त्यावर धोका जमिनीवरच असतो. इथे धोका डोक्याच्या वर आहे. टपावरून वर बघण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या.

कोणत्या गाडीने कोणती चूक होते ते थोडक्यात:

- बेल्ट लोडर: बूम वर उचलूनच आत येणं. बूम खाली ठेवून या, उभं राहिल्यावर उचला. कठडे नंतर.
- स्टेप: दार उघडं असताना फार वर लावणं. दाराची खालची कड प्लॅटफॉर्मवर बसते.
- केटरिंगची हायलिफ्ट: स्टॅबिलायझरचे पाय न टेकवता बॉडी वर नेणं. वाऱ्यात ती डोलते.
- पाणी आणि टॉयलेटची गाडी: शेपटीखाली रिव्हर्स येणं, तेही गाइडशिवाय, कारण 'रोजचंच आहे'.
- सगळ्यांसाठी: इंधनाच्या बाउजरच्या (टँकरच्या) पुढे गाडी लावणं. त्याला आग लागली तर सरळ बाहेर पडायची वाट मोकळी हवी.

पावसाळ्यात हे सगळं दुप्पट जपून. रंगवलेल्या रेषा भिजल्या की साबणासारख्या होतात, नेमक्या तिथेच आपला पहिला थांबा असतो. साचलेल्या पाण्यातून आलात तर ब्रेक ओले असतात, रेषेच्या बऱ्याच आधीपासून हलके दाबत सुकवत या. आरसे पुसायला फडकं केबिनमध्ये ठेवा. आणि बुटाचा तळ पेडलवर पाय ठेवण्याआधी पुसा. या शेवटच्या वाक्याची किंमत मी मोजली आहे, ते शेवटी सांगतो.

तपासा: तीन थांबे झाले? गाइड पूर्ण वेळ दिसत होता? न टेकता उभे आहात? एकाही प्रश्नाला 'बहुतेक' उत्तर आलं तर मागे घ्या, पुन्हा या. पुन्हा येण्याला चाळीस सेकंद लागतात.

## ७. गाडी लागलेली असताना

विमान उभं असलं तरी वर-खाली होतं. बॅगा उतरल्या, प्रवासी उतरले की ते वर येतं. सामान, माणसं, इंधन भरलं की खाली बसतं. सुरुवातीला बरोबर लावलेली स्टेप वीस मिनिटांनी दाराला टेकू शकते. दर थोड्या वेळाने फट बघा, वर-खाली करून घ्या. हायड्रॉलिकसाठी इंजिन चालू ठेवावं लागत असेल तर ड्रायव्हरने गाडी सोडून जायचं नाही, चहासाठी तर नाहीच.

## ८. निघताना

येताना माणूस घाबरलेला असतो. जाताना काम झालेलं असतं, म्हणून अपघात जाताना होतात.

गाडीभोवती पूर्ण फेरी मारा. बूम खाली, प्लॅटफॉर्म आत, कठडे खाली, स्टॅबिलायझरचे पाय वर. हायलिफ्टची बॉडी पूर्ण खाली आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. चोक काढून गाडीवर ठेवा. दारात अजून कुणी उभं आहे का? स्टेप काढण्याआधी दार बंद झालेलं हवं, किंवा दारात पट्टा लावून आतल्या माणसाला सांगितलेलं हवं. उघड्या दारातून पडलेला माणूस वाचेलच असं नाही.

रिव्हर्स नेहमी गाइडसोबत, आणि सरळ मागे. लाल रेषा ओलांडेपर्यंत वळायचं नाही. पंखाजवळचे कोन ही तुमची हद्द आहे, ते कुणीतरी आधीच उचलले असतील तर विचारा. सगळी साधनं बाहेर जाईपर्यंत कोन राहायला हवेत. बाहेर आल्यावर गाडी परत आपल्या पांढऱ्या चौकोनात लावा. रेषेबाहेर, पण मिळेल तिथे सोडलेली गाडी पुशबॅकच्या (विमान मागे ढकलण्याच्या) वेळी पंखाच्या वाटेत सापडते.

## ९. धक्का लागलाच तर

१. थांबा. गाडी मागे घेऊ नका. टेकलेला भाग सुटताना जास्त फाटतो आणि कुठे लागलं तेही हरवतं. आग, इंधनगळती किंवा कुणी अडकलेलं असेल तर मात्र माणसं आधी.
२. विमानाजवळचं बाकीचं काम थांबवा, इतर गाड्यांना लांब राहायला सांगा.
३. इंजिनिअरला आणि क्रूला ताबडतोब कळवा, मग शिफ्ट इनचार्जला. इनचार्जने 'आधी बघू' म्हटलं तरी इंजिनिअरला कळवायचंच.
४. पुसू नका, हात फिरवू नका, रंग खरवडू नका. फोटोची परवानगी ज्याला आहे तोच काढेल.
५. विमान उडायला योग्य आहे की नाही हे फक्त परवानाधारक इंजिनिअर ठरवतो. तुम्ही नाही, बॅगा चढवणारा लोडर नाही, मीही नाही.

'डाग दिसत नाही' या कारणावर कधीही गप्प बसू नका. २६ डिसेंबर २००५ ला अमेरिकेत सिॲटलला रॅम्पवरच्या एका गाडीचा एमडी-८३ विमानाला धक्का लागला आणि तो कळवला गेला नाही. विमान उडालं. सुमारे २६ हजार फुटांवर त्या जागी पत्रा फाटला, जवळपास फूटभर लांबीचं भोक पडलं आणि केबिनमधला दाब गेला. पायलटने ते परत उतरवलं, लोक वाचले. नव्या विमानांत हा प्रकार अजून फसवा आहे. बोइंग ७८७ चं निम्मं वजन कंपोझिटचं आहे. ॲल्युमिनियमला पोचा येतो, कंपोझिट बाहेरून जसंच्या तसं दिसतं आणि आतले थर सुटलेले असतात.

माझी गोष्ट जुलैतली. पाऊस कोसळत होता, ७३७ च्या मागच्या कार्गो दाराला बेल्ट लोडर लावत होतो. तिन्ही थांबे घेतले होते. शेवटच्या फुटावर ओला बूट पेडलवरून सटकला आणि रबर धडावर दाबलं गेलं. मी टॉर्च मारून पाहिलं, काही दिसलं नाही. जुना लोडर शेजारी होता, म्हणाला, 'काय नाय झालं, चल, बॅगा येतायत.' माझ्या बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं, पगार कापला गेला तर काय, हेच डोक्यात. मिनिटभर मी खरंच काही बोललो नाही. मग चालत जाऊन इंजिनिअरला सांगितलं. त्याने टॉर्च बंद केली, हातमोजा काढला आणि डोळे मिटल्यासारखा रिव्हेटच्या ओळीवरून बोटं फिरवत गेला. एका जागी बोटं थांबली. माझा हात धरून त्याने तिथे ठेवला. वाटीच्या तळाएवढा खोलगट भाग होता, नजरेला अजिबात दिसत नव्हता.

ते विमान दोन तास उशिरा गेलं. मला आठवडाभर गाडीवरून उतरवलं, परत ट्रेनिंग दिलं. पगार कापला नाही.

रिपोर्ट लिहिताना वेळ, बे चा नंबर, गाडीचा नंबर, दार कोणतं, वेग किती, गाइड कुठे उभा होता, पाऊस होता का, शिफ्टचा कितवा तास होता, हे सगळं लिहा. जे क्षुल्लक वाटतं तेही लिहा. मी 'बूट ओले होते, पेडलचं रबर गुळगुळीत झालं होतं' एवढं एक वाक्य शेवटी घातलं होतं. पुढच्या आठवड्यात आमच्या सगळ्या बेल्ट लोडरच्या पेडलवर नवी खरबरीत रबरं बसली आणि प्रत्येक केबिनमध्ये पाय पुसायला काथ्याचा तुकडा आला.